तीस मैलांचे वर्तुळ : आकाशवाणी मुंबई केंद्राच्या संवादपरंपरेचा इतिहास

दिनांक २३ जुलै १९२७ रोजी तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या ध्वनिक्षेपण केंद्राचे उद्घाटन झाले, तेव्हा त्या केंद्राच्या दीड किलोवॉट शक्तीच्या यंत्राचा आवाज सुमारे तीस मैलांच्या परिसरातच नीट ऐकू जात असे. मुंबईच्या कोट विभागात कंपासाचे टोक रोवून नकाशावर तीस मैलांचे वर्तुळ काढले, तर ठाणे त्याच्या आत निर्धास्तपणे बसते, डोंबिवलीही आत राहते आणि कल्याण जेमतेम रेषेच्या अलीकडे सापडते. या केंद्राचा इतिहास ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन गावांच्या बाजूने सांगावयाचा, तर आरंभ या वर्तुळापासूनच करावा लागतो. कारण केंद्राचा जन्म झाला त्या सायंकाळी त्याचा शेवटचा श्रोता बहुधा आमच्याच भागात कोठे तरी बसलेला असणार.

केंद्र आता शताब्दीच्या उंबरठ्यावर उभे आहे. त्याच्या संगीताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु विज्ञान, समाज, ग्रंथ आणि रोजचा संसार यांविषयी या केंद्रावरून जे बोलले गेले, त्या भाषणांची, मुलाखतींची आणि संवादांची कथा त्या मानाने दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत लेखात तिचाच मागोवा घेण्याचा हेतू आहे.

पूर्वपीठिका आणि स्थापना (१९२१ ते १९३०)

ऑगस्ट १९२१ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाने टपाल व तार खात्याच्या साह्याने आपल्या इमारतीतून एक संगीताचा कार्यक्रम हवेत सोडला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यास बसून ऐकला, ही या शहरातील ध्वनिक्षेपणाची पहिली नोंद होय. पुढे जून १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे या हौशी मंडळींच्या संस्थेने आपला पहिला कार्यक्रम प्रक्षेपित केला. या मंडळींपाशी ना सरकारी मदत होती ना पुरेसे श्रोते. परंतु बोललेला शब्द तारेवाचून दूरवर नेता येतो या गोष्टीचे त्यांना वेड होते आणि त्या वेडातूनच पुढील सारी वास्तू उभी राहिली.

१९२७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे वसूल भांडवल सहा लाख रुपये होते. श्रोत्याने वर्षाकाठी दहा रुपये भरून परवाना घ्यावा आणि त्या उत्पन्नावर केंद्र चालावे अशी तजवीज होती. दहा रुपये ही रक्कम त्या काळच्या कारकुनाच्या संसारात लहान नव्हती आणि संच तर त्याहून कितीतरी महाग. त्यामुळे परवान्यांची संख्या हजारांच्या पलीकडे वाढेना आणि जमाखर्चाची तोंडमिळवणी होईना. अखेरीस १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत जाऊन तिचे काम बरखास्त करण्यात आले.

याच सुमारास कल्याणपर्यंतच्या लोहमार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले होते. विजेची गाडी आणि नभोवाणी एकाच दशकात आमच्या भागात आल्या आणि पुढे अनेक वर्षे त्यांची सांगड जुळली. ती फार सुखाची होती असे मात्र म्हणवत नाही. रुळांलगतच्या चाळीत राहणाऱ्यांना हे ठाऊक आहे की, गाडी येताच वरच्या तारेवर ठिणग्या उडत आणि मध्यम लहरींवर चाललेल्या भाषणाच्या ऐन मुद्द्यावर खरखर उठे. वक्त्याचे अर्धे वाक्य गाडी घेऊन गेली, हे माझ्या लहानपणी घरोघर ऐकू येणारे वाक्य होते.

१९३० चे दशक : बंद पडता पडता

कंपनी बुडाल्यावर १ एप्रिल १९३० पासून सरकारने मुंबई आणि कलकत्ता ही दोन्ही केंद्रे दोन वर्षांच्या प्रायोगिक मुदतीने आपल्या ताब्यात घेतली. परंतु जागतिक मंदीच्या दिवसांत खर्च झेपेना म्हणून ऑक्टोबर १९३१ मध्ये ती बंद करण्याचा हुकूम निघाला. त्यावर लोकांनी आणि रेडिओच्या व्यापाऱ्यांनी एवढा आग्रह धरला की सरकारला निर्णय फिरवावा लागला आणि मे १९३२ मध्ये ही सेवा कायम करण्यात आली. परवानाधारक थोडेच होते. परंतु त्या थोड्यांनी हे केंद्र वाचविले, हे या ठिकाणी कृतज्ञतेने नमूद करणे अगत्याचे आहे.

ऑगस्ट १९३५ मध्ये लायोनेल फील्डन हे बी.बी.सी.तील अधिकारी ध्वनिक्षेपणाचे नियंत्रक म्हणून हिंदुस्थानात आले आणि ८ जून १९३६ रोजी या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. फील्डन यांच्याबरोबर बी.बी.सी.चा एक विचारही आला. त्या संस्थेच्या भाषण विभागाच्या पहिल्या प्रमुख हिल्डा मॅथिसन यांनी असा आग्रह धरला होता की, ध्वनिक्षेपकासमोर बसणाऱ्याने सभेपुढे व्याख्यान दिल्यासारखे बोलू नये. एका घरातील एका माणसाशी बोलावे तसे बोलावे. आज ही गोष्ट साधी वाटते. पण ज्या महाराष्ट्रात वसंत व्याख्यानमालेतील वक्तृत्व हाच बोलण्याचा आदर्श होता, जेथे टिळक-गोखल्यांच्या सभा ऐकलेली पिढी हयात होती, तेथे घसा न ताणता, हात न हलवता, टाळीची वाट न पाहता दहा मिनिटे बोलावयाचे, हे आमच्या विद्वानांना नव्याने शिकावे लागले. माझ्या मते मराठी गद्यावर या शिकवणुकीचा जेवढा परिणाम झाला तेवढा एखाद्या वाङ्मयीन चळवळीचाही क्वचितच झाला असेल.

त्या काळी मुंबई केंद्राला मराठी, गुजराती, कानडी, हिंदुस्थानी आणि इंग्रजी अशा अनेक भाषांत वेळ वाटून द्यावा लागे, म्हणून मराठी भाषणाच्या वाट्याला येणारी मिनिटे मोजकीच असत. संगीत विभागाची धुरा १९३७ पासून वॉल्टर कॉफमन या मध्य युरोपातून आश्रयार्थ आलेल्या संगीतकाराकडे होती. सकाळी केंद्र उघडताना वाजणाऱ्या संकेतधुनीच्या रचनेचे श्रेय त्यांना दिले जाते. परागंदा झालेल्या एका माणसाची ही धून पुढे कल्याणच्या वाड्यांतून आणि ठाण्याच्या चाळींतून पहाटेच्या चहाची वेळ सांगू लागली.

१९४० चे दशक : शब्दाचे मोल

युद्धकाळात वार्तांना महत्त्व आले आणि भाषणांवर सरकारी धोरणाची छाया पडली. त्याची चर्चा येथे विस्ताराने करण्याचे प्रयोजन नाही. मात्र मुंबईच्याच हवेत २७ ऑगस्ट १९४२ पासून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्तपणे चालविलेले काँग्रेस रेडिओ केंद्र नोव्हेंबरात पोलिसांनी पकडेपर्यंत बोलत राहिले, हे विसरून चालणार नाही. सरकारी केंद्राच्या इतिहासात त्याला स्थान नसले तरी आवाजासाठी माणसे तुरुंगात जातात, हे या शहराने त्या अडीच महिन्यांत पाहिले.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाच्या वाट्याला सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. देशाच्या अडीच टक्के भूभागापर्यंत आणि अकरा टक्के लोकांपर्यंतच त्यांचा आवाज पोहोचत असे. त्या अकरा टक्क्यांत ठाणे, कल्याण, डोंबिवली आरंभापासून होती, हे भाग्य लहान नव्हे. फाळणीनंतर कल्याण कँपात निर्वासितांची वस्ती झाली, तीच पुढे उल्हासनगर म्हणून वाढली. आणि मुंबईत जागा न मिळालेले मध्यमवर्गीय मराठी कुटुंब डोंबिवलीकडे सरकू लागले. श्रोता वाढत होता.

१९५० चे दशक : लेखक केंद्रात आले

या दशकात माहिती व नभोवाणी खात्याची धुरा दीर्घकाळ डॉ. बा. वि. केसकर यांच्याकडे होती. चित्रपटगीतांविषयीच्या त्यांच्या कठोर धोरणाबद्दल मतभेद झाले, परंतु साहित्यिकांना निर्माते म्हणून केंद्रात बोलावण्याची जी प्रथा त्यांच्या कारकीर्दीत रुळली तिचे ऋण मराठीवर मोठे आहे. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. तेथे पु. ल. देशपांडे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारखे लेखक नोकरीस आले आणि १९५५-५६ मध्ये ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या गीतरामायणाने मराठी घरांना आठवड्याची एक वेळ पाळावयास लावली. आमच्याकडे त्या वेळी पाहुणा आला तरी आधी खूण करून गप्प बसविले जाई. श्रवणाची शिस्त महाराष्ट्रास लागली ती येथे, आणि भाषण विभागाला तिचा फार उपयोग झाला.

संवादाच्या इतिहासात १९५६ चा पुणे येथील प्रयोग विशेष महत्त्वाचा आहे. युनेस्कोच्या साहाय्याने मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेती, आरोग्य, शिक्षण यांवरील कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवाव्यात, असा त्याचा क्रम होता; टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली त्याची तपासणी केली. ठाणे जिल्हा त्या पाचांत नव्हता. तरीही ऐकणाऱ्यानेही बोलावयाचे असते, ही जाणीव त्या प्रयोगातून सर्वच केंद्रांच्या शिरस्त्यात उतरली आणि मुंबई केंद्रावर येणाऱ्या पोस्टकार्डांकडे केवळ फर्माइशींचा गठ्ठा म्हणून पाहण्याचे दिवस संपले.

१९५७ मध्ये आकाशवाणी हे नाव अधिकृत झाले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली. नभोवाणी हा शब्द मात्र आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी बराच काळ टिकून होता.

१९६० आणि १९७० ची दशके : संवादाचा बहर

मे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, गुजराती विभाग यथावकाश अहमदाबादकडे अधिक झुकला आणि मुंबई केंद्रावर मराठीला प्रशस्त जागा मिळाली. मालाड-मालवणीच्या प्रक्षेपकांची शक्ती दीड किलोवॉटच्या कितीतरी पट झाली होती. तीस मैलांच्या वर्तुळाचे आता कौतुक उरले नव्हते.

या दोन दशकांत केंद्राच्या दिवसाला एक घरगुती क्रम आला. सकाळी चिंतन, दुपारी वनिता मंडळ, मुलांसाठी गंमत जंमत, सायंकाळी कामगार सभा, रात्री भाषण, मुलाखत किंवा श्रुतिका. वनिता मंडळात आणि मुलांच्या कार्यक्रमात लीलावती भागवत यांच्यासारख्या लेखिकांनी केलेले काम पाहिले म्हणजे असे वाटते की, ज्या स्त्रियांना घराबाहेर सभेस जाण्याची मुभा क्वचितच मिळे त्यांच्यासाठी केंद्राने दुपारी घरातच सभा भरविली. बाळाचे लसीकरण, पोस्टातील बचत, नवे पुस्तक, उन्हाळ्यातील साठवण हे विषय एकाच बैठकीत येत आणि कोणताही विषय दुसऱ्याहून हलका मानला जात नसे.

प्रपंच आणि पुढे पुन्हा प्रपंच या मालिकेचा उल्लेख केल्यावाचून हे प्रकरण पुरे होणार नाही. बाळ कुडतरकर यांचे टेकाडे भावजी, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशी यांचे पंत ही तीन माणसे रेशन, महागाई, शेजार, मुलांच्या परीक्षा आणि सरकारच्या नव्या योजना यांविषयी बोलत. त्यात नाट्य बेताचे असे, बोलणे अस्सल असे. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत जो संसार चालला होता तोच संचातून ऐकू येई, आणि म्हणून मीनावहिनींचे म्हणणे शेजारणीच्या म्हणण्याइतके वजनदार मानले जाई. रोजच्या जीवनाविषयी रेडिओवर कसे बोलावे याचा याहून चांगला मराठी नमुना मला ठाऊक नाही.

विज्ञानाच्या बाजूनेही हा काळ अनुकूल होता. तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी १९५६ च्या ऑगस्टात सुरू झाली होती. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था होती आणि १९७२ मध्ये जयंत नारळीकर तेथे आले. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि मराठीतून विज्ञान सांगण्याला संघटित बळ मिळाले. जुलै १९६९ मध्ये मानव चंद्रावर उतरला, एप्रिल १९७५ मध्ये आर्यभट्ट हा उपग्रह अवकाशात गेला. प्रत्येक घटनेनंतर हे घडले कसे, हे घरच्या भाषेत सांगणारा कोणी तरी हवा असे, आणि तो लोकलने तासाभराच्या अंतरावर मिळण्याजोगा होता. ठाणे-बेलापूर पट्टा, वागळे इस्टेट, अंबरनाथ आणि डोंबिवलीची औद्योगिक वसाहत येथील रसायनाच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांतून काम करणाऱ्यांना असे विज्ञान परके नव्हते. दिवसभर ज्या द्रव्याचा वास नाकात भरलेला असे, त्याविषयी सायंकाळी कोणी समजावून बोलले तर कामगार कान देऊन ऐकत असे.

ग्रंथांविषयीच्या भाषणांना आमच्या गावांत तयार भूमी होती. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये स्थापन केलेले; डोंबिवलीत पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक राहत होते, तर जनकवी पी. सावळाराम ठाण्याचे. रात्री एखाद्या ग्रंथाविषयी बोलणे झाले की दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या खिडकीशी त्याची चौकशी होई आणि ग्रंथपाल नोंदवहीत नाव लिहून ठेवी. मंगेश पाडगांवकर यांच्यासारखे कवीही या काळात काही वर्षे केंद्राच्या सेवेत होते.

आता ज्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत त्यांच्याविषयी. भाषण प्रसारित होण्यापूर्वी वक्त्यास करारपत्र जाई; संहिता आगाऊ मागविली जाई; ती तपासून, लांबलेली वाक्ये तोडून, दहा मिनिटांत हजाराच्या आतबाहेर शब्द बसवून ती परत येई. चर्चगेटजवळच्या इमारतीत वक्ता पोहोचला की त्याला पाणी द्यावयाचे, कागदांची टाचणी काढावयास सांगावयाचे, कारण पान उलटल्याचा आवाज ध्वनिक्षेपकास फार मोठा ऐकू येतो, आणि तांबडा दिवा लागेपर्यंत त्याला धीर द्यावयाचा. हे सारे करणारे कार्यक्रम सहायक, निवेदक, ध्वनिमुद्रक, अभियंते, टंकलेखक आणि शिपाई हेच या संवादपरंपरेचे खरे पालक होत. यांतील किती तरी जण शेवटच्या गाडीने कल्याणकडे परतणारे होते. पहाटेची सभा उघडावयाची असेल तर पहिल्या गाडीने निघावयाचे. पावसाळ्यात रूळ पाण्याखाली जाण्याची धास्ती असेल तर आदल्या रात्रीच केंद्रात मुक्काम करावयाचा. श्रोत्याने सकाळी बटण फिरविले आणि आवाज आला नाही, असे होऊ न देणे हा त्यांचा धर्म होता.

आणीबाणीच्या काळात देशातील सर्वच केंद्रांवर मर्यादा आल्या. तो काळ सर्वांनी संयमाने पार पाडला. त्याआधीच, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई दूरदर्शन सुरू झाले होते आणि हळूहळू दिवाणखान्यातील रेडिओची जागा त्याने घेतली. रेडिओ स्वयंपाकघरात गेला. तेथे त्याचे ऐकणारे माणूस अधिक निष्ठावंत निघाले.

१९८० आणि १९९० ची दशके

या दशकांत घरगुती संचांवरील परवाना रद्द झाला आणि पोस्टात रांग लावून वर्षाचा शिक्का मारून घेण्याची पद्धत संपली. विज्ञानप्रसाराच्या दृष्टीने १९९१ मध्ये सुरू झालेली मानवाच्या विकासावरील मालिका संस्मरणीय ठरली : शंभराहून अधिक भाग, १८ भाषा, देशभरातील केंद्रांवरून एकाच काळात प्रसारण, आणि नोंदणी केलेल्या शाळकरी श्रोत्यांना शैक्षणिक साहित्य. वानरसदृश पूर्वजांपासून माणसापर्यंतचा प्रवास मुलांनी दर आठवड्यास ऐकावा आणि घरच्या जेवणाच्या पंगतीत त्यावर प्रश्न विचारावे, हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे.

नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाची स्थापना झाली आणि केंद्राचा कारभार तिच्याकडे गेला. नोकरभरती मंदावली, जुने निर्माते निवृत्त झाले, आणि नैमित्तिक निवेदकांनी बराच भार उचलला. त्यांचे ऋण कोणत्याही मानधनाने फिटणारे नाही.

२००० नंतर

खाजगी एफ. एम. वाहिन्या आल्या, गाणी आणि गप्पा यांचा ओघ वाढला. मुंबई केंद्राची मराठी सेवा ५५८ किलोहर्ट्झवर अस्मिता वाहिनी या नावाने चालत राहिली. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा दिलखुलास हा मुलाखतीचा कार्यक्रम सकाळच्या पंधरा मिनिटांत अधिकारी, डॉक्टर, संशोधक आणि शेतकरी यांना बोलते करू लागला. मुंबई विद्यापीठाने आपले सामुदायिक रेडिओ केंद्र काढले. ठाण्यास डिसेंबर २०१० मध्ये आणि डोंबिवलीस फेब्रुवारी २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली, तेव्हा पुस्तकांविषयी बोलणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची या गावांत वाण नाही हे पुनश्च दिसून आले.

२६ जुलै २००५ ची आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उल्हास नदीचे पाणी कल्याणच्या खालच्या वस्त्यांत शिरले, वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. आमच्या जिन्यात चौदा माणसे एका बॅटरीच्या संचाभोवती बसली होती. गाड्या कोठे अडकल्या आहेत, कोठून चालत येता येईल, एवढेच ऐकावयाचे होते. परंतु त्या रात्री जिन्यातल्या मुलांनी प्रथमच आपल्या आजोबांप्रमाणे गप्प बसून रेडिओ ऐकला.

मे २०२३ पासून इंग्रजी कारभारातही आकाशवाणी हेच एक नाव वापरले जाते. आता मोबाइलवरील अ‍ॅपमधून मुंबई केंद्र न्यू जर्सीतही ऐकता येते. मात्र जुन्या भाषणांपैकी पुष्कळशी थेट प्रसारित झाली, त्यांचे ध्वनिमुद्रण झालेच नाही. ती उरली असतील तर कोणाच्या कपाटात, टाइप केलेल्या संहितेच्या रूपाने. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील ज्या कुटुंबांतून कोणी कधी या केंद्रावर बोलले असेल, त्यांनी ते कागद, करारपत्रे आणि श्रोत्यांची आलेली पत्रे रद्दीत न घालता आपल्या गावच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत, अशी या स्मरणिकेच्या वाचकांस विनंती आहे.